‘एंट्रिझम’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
डाव्या कार्यकर्त्यांनी एखाद्या मोठ्या पक्षात जाऊन तिथे आपला विचार रुजवावा, या धोरणाला ‘एंट्रिझम’ म्हणतात. त्यावरच्या एका लेखाच्या अनुवादात मी ‘घुसखोरी’ लिहिलं. वाचताना खटकलं, कारण लेखक ज्या मार्गाची बाजू घेतो त्यालाच मी गुन्हा ठरवून बसलो. ‘प्रवेशवाद’ अगदीच कोरडा वाटतो. कुणी सुचवेल का?

उत्तर १
‘घुसखोरी’ काढाच. त्या शब्दात परवानगी नसणं आणि लपून येणं, दोन्ही गृहीत आहे.

लपण्याची छटा मूळ शब्दालाही आहे, हे मान्य. १९३४ मध्ये रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्कीने फ्रान्समधल्या आपल्या अनुयायांना तिथल्या समाजवादी पक्षात जायला सांगितलं. त्याला ‘फ्रेंच वळण’ म्हणतात. पुढच्याच वर्षी त्यांची तिथून हकालपट्टी झाली. ब्रिटनच्या मजूर पक्षात ट्रॉट्स्कीवाद्यांचा ‘मिलिटंट’ गट होता. आपण फक्त एका वृत्तपत्राचे समर्थक आहोत, असं तो सांगायचा. १९८३ मध्ये त्या पत्राच्या संपादक मंडळातल्या पाच जणांना पक्षाने काढलं. अशा प्रकारांना ‘छुपा शिरकाव’ म्हणता येईल.

पण त्याच १९३४ साली आपल्याकडे काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन झाला. त्याची जुळणी नाशिकच्या तुरुंगात झाली होती. जयप्रकाश, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी तिथे एकत्र होते. या पक्षाचं नाव वेगळं, घटना वेगळी, आणि सभासद व्हायचं तर आधी काँग्रेसचं सभासदत्व हवं. दारावर पाटी लावून आत राहिलेल्यांना घुसखोर कसं म्हणायचं? याला ‘पक्षांतर्गत पक्ष’ हाच शब्द योग्य. १९४८ मध्ये काँग्रेसने घटना बदलून अशा पक्षांना मनाई केली, तेव्हा समाजवादी नाशिकच्याच अधिवेशनात बाहेर पडले.

माझं मत विचाराल तर डाव्यांनी मोठ्या पक्षात जरूर काम करावं, पण पाटी काढून नाही. ‘मुख्य प्रवाहात येणे’ आपण कौतुकाने म्हणतो. त्याच प्रवाहातून आलेला ‘प्रवाहपतित’ मात्र दोष दाखवतो: प्रवाह नेईल तिकडे वाहत जाणारा. प्रवाहात उतरलेला माणूस प्रवाहपतित कधी होतो, हाच खरा वाद आहे, आणि मराठीने तो दोन शब्दांत मांडून ठेवला आहे.

उत्तर २
पाटी लावली की प्रश्न सुटतो, हे पटत नाही. काँग्रेस समाजवादी पक्षाने १९३६ पासून कम्युनिस्टांना आत घेतलं आणि १९४० मध्ये बाहेर काढलं. म्हणजे आतल्या पक्षाच्याही आत दुसरा पक्ष! ‘दुहेरी सदस्यत्व’ हा शब्दही चर्चेत घ्या. जनता पक्षात पूर्वीच्या जनसंघीयांच्या संघाशी असलेल्या नात्यावर मधु लिमये यांनी तो प्रश्न लावून धरला आणि १९७९ मध्ये पक्ष फुटला. लिमये स्वतः काँग्रेस समाजवादी परंपरेतले. दुहेरी निष्ठा आपली असली की धोरण, दुसऱ्याची असली की कट, असं व्हायला नको.

आणि ‘बाहेरून पाठिंबा’ विसरू नका. २००४ ते २००८ डाव्या पक्षांनी केंद्रातल्या सरकारला तोच दिला, आणि अणुकरारावरून काढून घेतला. पक्षात न शिरता दबाव ठेवता येतो, तो असा.

उत्तर १ कडून
दुहेरी सदस्यत्वाचा मुद्दा रास्त आहे, मी तो टाळायला नको होता. निकष दोघांना एकच हवा. फक्त ‘बाहेरून पाठिंबा’ द्यायला आधी स्वतःचे खासदार लागतात. ज्यांच्याकडे ते नाहीत त्यांच्यासाठीच तर आत जायचं की नाही हा प्रश्न आहे.

प्रश्नकर्त्यांना एक विचारतो: लेख कोणत्या देशाबद्दल आहे? ‘पक्षात’ या शब्दाचा अर्थच त्यावर ठरतो. आपल्याकडे उमेदवारी नेते देतात, एबी फॉर्म हातात पडेपर्यंत कुणाचं काही खरं नसतं. अमेरिकेत उमेदवार प्राथमिक निवडणुकीत मतदार ठरवतात. २०१८ मध्ये अलेक्झांड्रिया ओकासियो-कोर्टेझ यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत पक्षाच्याच एका ज्येष्ठ खासदाराला हरवलं, त्यासाठी कुण्या पक्षश्रेष्ठींची संमती लागली नाही. तिथे ‘शिरकाव’ म्हणण्याजोगं दारच नाही.

प्रश्नकर्ता
लेख अमेरिकेबद्दलच आहे. मग ‘पक्षाच्या उमेदवारीवर लढणं’ असं सरळ लिहितो. ‘छुपा शिरकाव’ फक्त ब्रिटनच्या परिच्छेदात ठेवतो, आणि मथळ्यातली ‘घुसखोरी’ आजच काढतो.