जीपचा पत्रा सडलाय, घरीच वेल्डिंग करू?

देवगडला घर खाडीलगत. जुन्या जीपचा तळ इतका सडलाय की ब्रेक दाबताना रस्ता दिसतो. गॅरेजवाला म्हणतो गणपतीनंतर बघू. कुठले गणपती ते सांगत नाही. काल भावाच्या मशीनवर २.५ मिमीचा रॉड लावला, तर रुपयाएवढं भोक वाटीएवढं झालं!

उत्तर: होणारच रे. पत्रा जेमतेम १ मिमीचा. ०.८ मिमी तारेचं मिग मशीन मिळव, म्हणजे रॉडऐवजी बारीक तार आपोआप पुढे सरकते ते. सलग ओढू नको. वेल्डिंगचा एक टाका इथे, दुसरा चार बोटं लांब, नाहीतर पत्रा पापडासारखा वाकतो. गंजावर टाका धरत नाही, चकचकीत लोखंड लागेपर्यंत काप.

उत्तर: बॅटरीची वायर काढलीस ना? मी एकदा काळ्या काचेशिवाय वेल्डिंगकडे बघितलं, रात्रभर डोळ्यांत वाळू.

मूळ प्रश्नकर्ता: कापायला घेतला, अर्धा तळच गेला. आता आधी भंगारातल्या डब्यांवर हात बसवतोय.