आठव्या महिन्यात प्लेटलेट्स ९२ हजार, हॉस्पिटल बदलावं का?

मी ठाण्यात, घोडबंदर रोडला राहते. पहिलीच वेळ, ३२वा आठवडा चालू आहे. तिसऱ्या महिन्यात प्लेटलेट्स २ लाख १० हजार होत्या, २८व्या आठवड्यात १ लाख ३२ हजार, आणि गेल्या सोमवारी एकदम ९२ हजार! रिपोर्ट मोबाईलवर आला तेव्हा माजिवड्याच्या सिग्नलला रिक्षात अडकले होते. घरी पोचेपर्यंत गुगलवर सगळे भयंकर आजार वाचून झाले.

डॉक्टर मात्र शांत. म्हणाल्या, आधी मशीनचा आकडा तपासू. जांभळ्या झाकणाच्या नेहमीच्या नळीत कधी कधी प्लेटलेट्सच्या गुठळ्या होतात आणि मशीन कमी मोजतं. म्हणून निळ्या झाकणाच्या नळीत पुन्हा रक्त दिलं, स्लाइडही बघितली. थोड्या गुठळ्या होत्याच, पण नवा आकडा १ लाख ४ हजार. म्हणजे कमी आहेतच.

बीपी ११०/७०, लघवीत प्रोटीन नाही, लिव्हरचे रिपोर्ट नॉर्मल. पावसाळा म्हणून डेंग्यूचीही टेस्ट केली, निगेटिव्ह. हिरड्यांतून रक्त नाही, अंगावर लाल ठिपके नाहीत. आईने माझ्या लग्नाआधीच्या ऑफिस मेडिकलचा कागद कपाटातून शोधून काढला, त्यात २ लाख ४० हजार. तो बघून डॉक्टर जास्त निर्धास्त झाल्या, कारण आयटीपी (शरीर स्वतःच्याच प्लेटलेट्स नष्ट करतं तो आजार) असता तर बहुतेक वेळा आधी किंवा पहिल्या महिन्यांतच आकडे कमी दिसतात. हे गरोदरपणामुळेच असावं, बाळंतपणानंतर आपोआप भरून येईल, औषध नको, दर दोन आठवड्यांनी सीबीसी, असं ठरलंय.

(आठ महिने पपई घरात येऊ न देणाऱ्या सासूबाई आता पपईच्याच पानांचा रस घे म्हणतायत. डॉक्टरांनी नको सांगितलं, वाद मिटला.)

खरा प्रश्न पुढचा. नाव घातलंय जवळच्या छोट्या नर्सिंग होममध्ये. तिथे ब्लड बँक नाही, भूलतज्ज्ञ बाहेरून येतात. कमरेत मणक्यात देतात त्या भुलेच्या इंजेक्शनसाठी साधारण ७०-८० हजारांच्या वर प्लेटलेट्स लागतात म्हणे. त्याखाली गेल्या आणि ऐनवेळी सिझर ठरलं तर पूर्ण भूल, आणि प्लेटलेट्स लागल्याच तर घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून आणायच्या कुणी? मला आत्ताच मोठ्या हॉस्पिटलात नाव घालावंसं वाटतंय. नवरा म्हणतो, ओळखीच्या डॉक्टर सोडू नकोस.

कुणाला असा अनुभव आहे का? शेवटच्या महिन्यात आकडा कुठवर उतरला? भूलतज्ज्ञांना आधी जाऊन भेटलात का? आणि इतक्या उशिरा नाव घालून घेतात का? मुलुंडपर्यंतचं चालेल, त्यापुढे नको.