मदत हवी आहे: स्वर्ल मार्क्स काढायला गेलो आणि आता बॉनेटवर लाटा दिसतायत

तांबडीमाती:

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज पहिला धागा काढतोय आणि तोही रडगाणं घेऊन, सांभाळून घ्या.

गाडी २०१९ची हॅचबॅक, रंग काळा (घेताना सगळ्यांनी सांगितलेलं काळी घेऊ नको, ऐकलं नाही). राहतो फोंड्याच्या बाहेर, घराला पत्र्याचा पोर्च आहे आणि गेटच्या बाहेर पाऊल टाकलं की तांबडी धूळ. उन्हात गाडी बघितली की जिथे सूर्य चमकतो त्याच्या भोवती कोळ्याने जाळं विणल्यासारखे बारीक गोल गोल चरे दिसतात, त्यांनाच स्वर्ल मार्क्स म्हणतात. बॉनेट, छप्पर, दरवाजे, सगळीकडे. रात्री पेट्रोल पंपाच्या लाइटखाली तर बघवत नाही. नखाला मात्र काहीच लागत नाही, बोट फिरवलं तर एकदम गुळगुळीत.

हे कुठून आले ते मला माहीत आहे आणि तोच आमच्या घरातला नाजूक विषय आहे. बाबा रिटायर झाल्यापासून रोज सकाळी चहाच्या आधी पिवळं फडकं घेऊन कोरड्या गाडीवर फिरवतात. एक दिवस चुकत नाही. रात्रभर बसलेली धूळ, कधी आंब्याचा मोहोर, सगळं त्या एकाच फडक्याने गोल गोल पुसायचं, मग फडकं पोर्चच्या खांबावर दोनदा आपटायचं आणि परत छपरावर. दसऱ्याला बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतात आणि दुसऱ्या दिवशी तेही कोरडंच पुसतात. काय बोलणार, हप्ते मी भरले पण त्या गाडीवर माया त्यांची जास्त आहे.

तर एका डिटेलिंगवाल्याने (गाडी घासून-पॉलिश करून चकचकीत करून देणारा) हे काढायचे बारा हजार सांगितले. म्हटलं त्यापेक्षा कमी पैशात आपलं मशीन येईल, म्हणून ऑनलाइन 'कार पॉलिशर' असं लिहिलेलं तीन हजारांचं मशीन मागवलं, त्याच्याबरोबर लोकरीचं पांढरं पॅड फुकट आलं, आणि एक कटिंग कंपाउंडची (म्हणजे चरे घासून काढणाऱ्या खरखरीत पॉलिशची) बाटली घेतली. रविवारी बॉनेटच्या फक्त डाव्या अर्ध्या भागावर ट्राय केला. पहिली गंमत म्हणजे पॅडला कंपाउंड लावून मशीन हवेतच चालू केलं आणि अर्धं कंपाउंड पोर्चच्या भिंतीवर आणि आईच्या तुळशीवर. तुळस धुऊन झाली, बोलणी अजून चालू आहेत.

दुसरी गोष्ट मात्र गंभीर आहे. पोर्चमध्ये बघितलं तर डावी बाजू आरसा, वरच्या पत्र्याच्या नळ्या मोजून घ्या. खूश झालो. सोमवारी पणजीला ऑफिसच्या पार्किंगमध्ये दुपारच्या उन्हात बघतो तर जुनी जाळी बरीचशी गेलीय पण तिच्या जागी पाण्यावर तेल सांडल्यासारख्या लांब लांब लाटा, आणि मी चालायला लागलो की त्याही माझ्याबरोबर सरकतात. पेंट जाळला का मी? की हे निघतं? पाऊस यायच्या आधी आवरायचं आहे आणि आता उजव्या अर्ध्या भागाला हात लावायची हिंमत होत नाहीये.

सावकाश जा:

जाळला नाहीस, शांत हो. पेंट जळतो तेव्हा त्या जागी डाग मेलेला दिसतो, खालचा रंग किंवा प्राइमर डोकावतो आणि तो पॉलिशने परत येत नाही, थेट पेंटिंगवाला गाठावा लागतो. तू सांगतोयस ते होलोग्राम. तुला जे विकलंय ते रोटरी मशीन आहे, ज्याचं पॅड एकाच जागी गरागरा फिरतं. लोकरीच्या पॅडने ते जाळी कापून काढतं पण जाताना स्वतःचे चरे ठेवून जातं, आणि ते सगळे मशीन ज्या वाटेने गेलं त्याच दिशेने असतात म्हणून तुला लाटा दिसतायत. पोर्चमध्ये उजेड पसरट असतो, तिथे हे कधीच दिसत नाही. पोर्चमध्ये खूश होऊ नये हा पहिला नियम. अंधार कर आणि एलईडी टॉर्च तिरपी धर, नाहीतर सरळ उन्हात ने.

आणि ती जाळी गोल नव्हतीच बरं का. चरे सगळ्या दिशांना असतात, त्यातले प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती गोल वाटतात. दिवा सरकवला की 'जाळं' पण सरकतं, करून बघ.

चकाचक:

एवढं कशाला डोकं लावता, वरून सिरॅमिक कोटिंग मारून टाका, सगळं झाकलं जाईल.

सावकाश जा:

@चकाचक, झाकत नाही हो. सिरॅमिकचा थर इतका पातळ की चरे त्याच्याखालून तसेच दिसतात, वर परत पॉलिश करायचं तर पैसे देऊन मारलेलं सिरॅमिक आधी घासून काढा. झाकतात ती तेलं. बऱ्याच कंपाउंडमध्ये आणि स्वस्त वॅक्समध्ये तेल आणि फिलर असतात, ते चऱ्यात बसतात, गाडी दोन धुण्यांपुरती नवी दिसते आणि मग जैसे थे. म्हणून कंपाउंड झाल्यावर आयसोप्रोपाइल अल्कोहोल (आयपीए) एक भाग आणि पाणी चार भाग असं करून पुसायचं, मग खरं काय उरलंय ते कळतं. धागाकर्त्याने ते आधी करावं, कदाचित 'गेलेली' जाळी अजून तिथेच बसलेली असेल.

गॅरेजवाला:

रोटरीला उगाच बदनाम करू नका. मी वीस वर्षं रोटरीच चालवतो. मशीन वाईट नाही, नवीन माणसाच्या हातात लोकरीचं पॅड आणि वरचा स्पीड वाईट. त्याच मशीनला मऊ फोमचं पॅड आणि फिनिशिंग पॉलिश लावून हजार-बाराशे आरपीएमवर, मशीनच्या वजनाएवढंच ठेवून चालवलं तर होलोग्राम निघतात. पण पात्रांव, हात बसलेला नसेल तर कडांना जाऊ नको. बॉनेटच्या कडेला आणि दरवाजाच्या घडीवर पेंट सगळ्यात पातळ, तिथे रोटरी दोन सेकंद थांबली की खेळ खलास. बंपर प्लास्टिकचा, पत्र्यासारखी उष्णता पसरत नाही, त्याला जास्त जप. आणि लोक कडप्प्याचं ग्राइंडर घेऊन त्याला पॅड लावतात ते तर बघवत नाही, ते अकरा हजार आरपीएमचं असतं.

तांबडीमाती:

सगळ्यांचे आभार. आयपीएने पुसलं आणि सावकाश जा यांचं भविष्य खरं ठरलं, निम्मी जाळी परत आली. 😑 गॅरेजवाले दादा, हात बसलेला अजिबात नाही. ऑफिसमधल्या एकाकडे डीए मशीन आहे, तो शनिवार-रविवार द्यायला तयार आहे. डीएने जाळी पण निघेल आणि लाटा पण? आणि किती वेळा घासलं तर चालतं, वरचा थर संपला तर?

सावकाश जा:

डीए म्हणजे ड्युअल अॅक्शन, पॅड स्वतःभोवती फिरतं आणि शिवाय त्याचा मधला बिंदूही छोट्या वर्तुळात हलतो, त्यामुळे चरे एका दिशेचे पडत नाहीत आणि उष्णताही कमी. जोरात दाबलं तर बिचारं फिरायचंच थांबतं, म्हणून नवशिक्याला तेच बरं. बॅकिंग प्लेटच्या (ज्या चकतीवर पॅड चिकटतं तिच्या) कडेला मार्करने एक काळी रेघ मार. काम चालू असताना रेघ फिरताना दिसली पाहिजे, नुसती थरथरताना दिसली तर तू जास्त दाबतोयस किंवा पॅड वाकड्या जागी पडलंय.

थराचं म्हणशील तर फॅक्टरीचा सगळा पेंट मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन, त्यातला वरचा पारदर्शक क्लिअर कोट ४०-५०. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन धर, म्हणजे केसापेक्षा पातळ थरावर आपली ही सगळी कसरत. एकदा नीट कंपाउंड केलं की त्यातले दोन-चार जातात. म्हणून एकदा कर, नीट कर, आणि दर दिवाळीला करू नको. एखादा दरवाजा रिपेंट असेल तर हा हिशोब विसर, तिथे थर किती ते मारणाऱ्याच्या हातावर.

पद्धत अशी. बॉनेटवर दीड-दोन फुटांचा चौकोन टेपने आखून घे आणि आधी तिथेच टेस्ट कर, सगळ्यात मऊ जोडीने सुरुवात, म्हणजे फोमचं पॉलिशिंग पॅड आणि मिडियम पॉलिश. त्याने निघालं तर कटिंगला हात लावायची गरजच नाही. पॅडवर वाटाण्याएवढे चार ठिपके, मशीनचा स्पीड एक नंबरवर ठेवून पसरव, मग चार-पाच नंबरवर आडवं-उभं, प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्यावर चढलेला, हात इतका हळू की सेकंदाला इंचभर. असे चार ते सहा पास. पॅड पेंटला टेकलेलं असतानाच मशीन चालू करायचं आणि बंद करून मगच उचलायचं, तुळस वाचेल. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडायचं, नाहीतर तोच गाळ पुढच्या चौकोनावर घासतोयस.

मीठवारा:

मी वास्कोचा, आमच्याकडे धुळीबरोबर कोळशाची काळी पूडही गाडीवर बसते, त्यामुळे अनुभवाने सांगतो, मशीनपेक्षा धुण्यात जास्त वेळ घाल. गाडी नुसती 'दिसायला' स्वच्छ असून चालत नाही. धुतल्यावर प्लास्टिकची पातळ पिशवी हातात घालून बॉनेटवर फिरव, खरखर लागली तर पेंटमध्ये काहीतरी रुतून बसलंय. ब्रेकची लोखंडी पूड असेल तर आयर्न रिमूव्हर मारल्यावर जांभळं रक्त वाहिल्यासारखं दिसतं, घाबरू नको. मग क्ले बार (रुतलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी वडी), भरपूर शॅम्पूचं पाणी ठेवून हलक्या हाताने. क्ले खाली पडला तर फेकून दे, धुऊन परत वापरू नको, चिऱ्याची खर त्यात रुतली की तोच सँडपेपर. हे सगळं न करता मशीन लावलंस तर ती खर पॅडमध्ये अडकून नवीन जाळी विणेल.

आणि सकाळी सातला सुरू कर. आता एप्रिल-मे मध्ये दहानंतर पत्र्याच्या पोर्चमध्ये बॉनेटवर हात ठेवता येत नाही, पॉलिश लावल्या लावल्या सुकतं आणि पुसताना जीव जातो. फॅन लावायचा असेल तर गेटच्या बाजूने नको, धूळ उडते.

गॅरेजवाला:

काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांना टेप लाव. पांढरं पॉलिश त्यात सुकलं की महिनाभर टूथब्रश घेऊन बसशील.

तांबडीमाती:

अपडेट द्यायला उशीर झाला, माफी.

दोन रविवार गेले. पहिला पूर्ण रविवार धुण्यात आणि क्लेमध्ये. जांभळं रक्त मागच्या दरवाजांच्या खाली आणि डिकीवर सगळ्यात जास्त आलं. आई म्हणाली गाडीला काय झालं रे.

दुसऱ्या रविवारी साडेसहालाच सुरू केलं. टेस्टच्या चौकोनात पॉलिशिंग पॅड आणि मिडियम पॉलिशने होलोग्राम पूर्ण गेले, जाळी अंदाजे सत्तर-ऐंशी टक्के. पुढे कटिंग पॅडने एकदा बघावं असं फार वाटलं, खरंच फार, पण काळजावर दगड ठेवून थांबलो. पहिल्या दोन चौकोनांत मार्करची रेघ सारखी थांबत होती, तेव्हा कळलं की मी कणीक मळल्यासारखा मशीनवर ओणवा झालोय. कोपर सैल सोडलं तेव्हा ती फिरायला लागली. बॉनेटलाच सव्वादोन तास, छपराचं अर्धं झालं तेवढ्यात लाइट गेली. बाकीचं पुढच्या आठवड्यात दोन संध्याकाळी. उन्हात आता तीन-चार खोल चरे दिसतात, नखाला लागतात ते तसेच ठेवलेत. वरून साधं सीलंट (पेंटवरचा संरक्षक थर) मारलंय, पहिल्या वळिवाचं पाणी बॉनेटवर मण्यासारखं पळताना बघून बाबांनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं.

तो नाजूक विषय. सांगण्यात अर्थ नव्हता म्हणून मी बाबांना टॉर्च हातात दिली आणि एक बाजू झालेली, एक राहिलेली असं बॉनेट दाखवलं. बराच वेळ टॉर्च इकडून तिकडे फिरवत बसले. मग विचारलं, "ही जाळी माझ्या फडक्याची?" मी म्हटलं धुळीची. ते काही बोलले नाहीत. आता दोन बादल्या आणल्यात, एक शॅम्पूची, एक मिट (गाडी धुवायचा मऊ हातमोजा) धुवायची, दर रविवारी वरून खाली सरळ हात मारायचा, गोल नाही, असं ठरलंय. मधल्या दिवसांत गाडीला कोणी हात लावायचा नाही.

पिवळं फडकं मात्र गेलेलं नाही. रोज सकाळी ते आता माझ्या स्कूटरवर चालतं. स्कूटर पण काळीच आहे.

गॅरेजवाला:

स्कूटरचा वेगळा धागा काढ.