संज्ञापन अभ्यासात एम.ए. करावे का?

प्रश्न (फोंडा):
मराठी घेऊन बी.ए. केल्यावर मी एका दैनिकात वार्तांकन करते. संज्ञापन अभ्यासात (कम्युनिकेशन स्टडीज) पदव्युत्तर शिक्षण घेण्याची मनापासून इच्छा आहे. त्यासाठी नोकरी सोडावी का?

उत्तर (पणजी):
केवळ बातमीलेखन सुधारायचे असेल, तर पत्रकारितेचा अभ्यासक्रम पुरेसा आहे. संज्ञापनात संशोधनपद्धतीवर भर असतो. उदाहरणार्थ, गोव्यातील २०१२च्या खाणबंदीची बातमी कोणत्या दैनिकाने किती स्तंभांत छापली आणि त्यात खाणमालक, ट्रकमालक व गावकरी यांपैकी कोणाला बोलू दिले, हे अंक चाळून मोजावे लागते. मला हे काम फार मोलाचे वाटते.

उत्तर (म्हापसा):
अध्यापनाकडे वळायचे असल्यास अवश्य करा. पुण्यात अर्ज करताना मात्र रानडे इन्स्टिट्यूट (पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग) आणि त्याच विद्यापीठाचा गणेशखिंडीतील माध्यम व संज्ञापन अभ्यास विभाग वेगळे आहेत, हे ध्यानात ठेवा. राजीनाम्याआधी संपादकांकडे बिनपगारी रजेविषयी विचारणा करावी.