टॉवेलाचं काय?

"नानावटीने जे केलं ते कुठल्याही नवऱ्याने केलं असतं, म्हणून मुंबई त्याच्या मागे उभी राहिली," हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. नौदल अधिकारी नानावटीने बायकोचा प्रियकर प्रेम आहुजा याला गोळ्या घालून मारलं, त्याबद्दल बोलतोय आपण. रागाच्या भरात माणूस हात उचलतो, मान्य. पण नानावटीने २७ एप्रिल १९५९ ला आधी बायको-मुलांना सिनेमाला सोडलं, मग जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या, आणि त्यानंतर तो प्रेम आहुजाच्या घरी गेला. याला भर कसा म्हणायचा?

आणि तो टॉवेल! आहुजा नुकताच अंघोळ करून आला होता. झटापटीत चुकून गोळ्या सुटल्या, असा बचाव होता. झटापट झाली असती तर टॉवेल सुटला असता; पण तीन गोळ्या लागून माणूस पडला, तरी कमरेचा टॉवेल जागच्या जागी. मला तर एवढा एकच पुरावा पुरेसा वाटतो. तरीही ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांनी प्रकरण हायकोर्टात पाठवलं नसतं तर तिथेच मिटलं असतं.

'ब्लिट्झ' या साप्ताहिकाने गणवेशातल्या देखण्या अधिकाऱ्याला नायक केलं, पारशी समाजाने त्याच्यासाठी सभा भरवल्या. सिंधी समाज आहुजाच्या बहिणीच्या पाठीशी होता, पण त्यांचा आवाज तेवढा पोचला नाही. हायकोर्टाने नानावटीला दोषी ठरवलं, आणि शेवटी १९६४ मध्ये त्याला माफी मिळाली तीही त्या बहिणीने लेखी संमती दिल्यावर. तिच्याबद्दल या चर्चेत अजून कुणी एक ओळ लिहिलेली नाही, याचं फार वाईट वाटतं.