अनुभव धागा : बंद दार आणि पोलिसांची वाट

एकट्या राहणाऱ्या वृद्ध, आजारी किंवा अपंग माणसाची खबर घ्यावी म्हणून पोलिसांना कळवले, पण ते उशिरा पोहोचले किंवा येऊनही दार उघडले गेले नाही, असा अनुभव ज्यांना आला असेल त्यांनी तो येथे लिहावा, ही विनंती. ठाण्याचे किंवा अधिकाऱ्याचे नाव लिहू नये. वेळ कुठे गेला, एवढे मात्र नेमके सांगावे. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याखाली महाराष्ट्राने २०१० मध्ये केलेल्या नियमांत, प्रत्येक ठाण्याने हद्दीतील एकट्या ज्येष्ठांची यादी ठेवावी आणि महिन्यातून किमान एकदा त्यांना भेटावे, असे म्हटलेले आहे.

माझे वडील ७८ वर्षांचे, पुण्यात एकटे राहत, मी बंगळूरला. सकाळी नऊपासून ते फोन उचलत नव्हते. मी ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावला तर तो कर्नाटकाच्या नियंत्रण कक्षात लागला, कारण हा क्रमांक आपण जिथून बोलतो तिथल्या राज्यात जोडला जातो, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. पुण्याचा दूरध्वनी शोधून काढण्यात तास गेला आणि त्यानंतर, आमची इमारत रस्त्याच्या अलीकडच्या ठाण्याच्या हद्दीत येते की पलीकडच्या, यावर आणखी दीड तास. दुपारी दोन बीट मार्शल, म्हणजे गस्तीवरचे पोलीस, आले, घंटी वाजवून ‘बाहेर गेले असतील’ म्हणून परतले. सोसायटीचे सचिव लेखी परवानगीशिवाय कुलूप तोडू देईनात. संध्याकाळी पाळी बदलली आणि एक महिला उपनिरीक्षक आल्या. दाराच्या कडीला दुधाची पिशवी तशीच लटकत होती, आतले दूध उन्हाने नासून पाकीट फुगले होते. त्यांनी दाराला कान लावला, तर आत रेडिओ चालू होता. ‘रेडिओ लावून कोणी गावाला जात नाही,’ एवढेच म्हणून त्यांनी अग्निशमन दलाला बोलावले. वडील न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडले होते, खुब्याचे हाड मोडलेले, पण शुद्धीवर होते. मार्शल दुपारी घंटी वाजवून गेले तेव्हा त्यांनी हाक मारली होती. आवाज दारापर्यंत पोहोचला नाही. दूध मार्शलांनाही दिसले असणारच, पण ते पाहून काय समजायचे हे त्यांना कोणी शिकवले नव्हते, असे मला वाटते, आणि म्हणून माझा राग त्या दोघांवर नाही.

डोंबिवलीचा माझा अनुभव थोडक्यात सांगते. शेजारच्या काकूंना फिट्सचा आजार होता आणि दोन दिवस त्यांचे दार उघडले नव्हते. पोलीस ठाण्यातले अंमलदार म्हणाले, ‘रक्ताचे नातेवाईक आहात का? मिसिंग असेल तर चोवीस तासांनी या.’ अशी चोवीस तासांची अट कायद्यात नाही, हे मला नंतर एका वकिलांनी सांगितले. तिसऱ्या दिवशी भाचा आला तेव्हा दार उघडले, आणि काकू गेलेल्या होत्या. फिट आल्यावर त्या किती वेळ जिवंत होत्या, हा प्रश्न मी आजवर त्या भाच्यापुढे काढू शकलेले नाही.

मी हवालदार म्हणून निवृत्त झालो, म्हणून दुसरी बाजूही लिहितो. कुलूप तोडताना मनात धास्ती असते : आत कोणीच नसले आणि उद्या दागिने गेल्याची तक्रार आली तर? म्हणून आम्ही दोन पंच, म्हणजे साक्षीदार, उभे करायचो, स्टेशन डायरीत नोंद करायचो आणि मगच हात लावायचो. ही काळजी योग्यच आहे, पण पंच मिळायला दहा मिनिटे पुरतात, दिवस लागत नाही. कळवणाऱ्याने ‘फोन उचलत नाहीत’ एवढ्यावर थांबू नये. मधुमेहाचे इंजेक्शन कधीचे चुकले, शेवटचे बोलणे किती वाजता झाले, किल्ली कोणाकडे आहे, हे सांगावे. आणि हद्दीचा वाद गाडी निघाल्यावर वायरलेसवर मिटवता येतो. आम्ही तसा मिटवलेला आहे.

न्यू जर्सीतून लिहीत आहे. इथून भारताचा ११२ लागतच नाही. सासूबाईंच्या ठाण्याचा थेट दूरध्वनी, समोरच्या वहिनींचा मोबाइल आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हे क्रमांक आता फ्रिजवर लावले आहेत, आणि एक किल्ली वहिनींकडे दिली आहे.