बोअरचं भरवशाचं पाणी कसं काढायचं?

डाळिंब_दीड_एकर:
काळ्या पाषाणातलं 6.5 इंची बोअर, खोली 280 फूट. झरे 110 आणि 190 फुटांवर. बोअर मारणाऱ्या गाडीवाल्याने 'दोन इंच पाणी' सांगितलं. 3 एचपी मोटर 240 फुटांवर, सकाळची पातळी 60 फूट. 200 लिटरचा ड्रम 190 सेकंदांत भरतो, पण 40 मिनिटांत मोटर हवा ओढते. दिवसाला किती पाणी धरून ठिबक आखू? वीज आठच तास असते.

खडकपाणी:
'दोन इंच' ही व्ही-नॉचवरची, म्हणजे पाणी मोजायच्या पत्र्यातल्या व्ही आकाराच्या खाचेतली पाण्याची उंची. 90 अंशांच्या नॉचवर 1 इंच म्हणजे ताशी साधारण 500 लिटर, 2 इंच 2,900, 3 इंच 8,000. दुप्पट इंच म्हणजे दुप्पट पाणी नव्हे. शिवाय तो आकडा काँप्रेसर तळापासून पाणी फेकत असतानाचा, म्हणजे झऱ्याचा कमाल जोर.

तुमच्या 40 मिनिटांत उपसा झाला सुमारे 2,500 लिटर. या बोअरमध्ये फुटाला 6.5 लिटर मावतं, म्हणजे 180 फुटांत 1,170 लिटर साठा होताच. झऱ्याचे आले 1,350, ताशी जेमतेम 2,000. तेही पहिल्या तासातलं, जवळच्या भेगा भरलेल्या असतानाचं.

टिकणारा दर काढायला उपसा-चाचणी घ्या. तिच्याआधी मोटर 24 तास बंद ठेवा. मोटरच्या पाइपासोबत एक इंची पीव्हीसी नळी सोडा आणि पातळीमापक (पाण्याला टेकला की वाजणारा) तिच्यातूनच उतरवा. उघडा सोडला तर केबलमध्ये अडकतो, वरून गळणाऱ्या पाण्यालाही वाजतो. मग ताशी 800, 1,200, 1,600 लिटर असे एकेक तासाचे टप्पे, मोटर न थांबवता. पातळी पहिली 10 मिनिटं दर मिनिटाला, पुढे 5 मिनिटांनी. पाणी खाली जाईल तसा प्रवाह घटतो, म्हणून ड्रम पुन्हा पुन्हा भरून कॉक थोडा उघडत राहा. उपसलेलं पाणी 100 मीटर लांब सोडा; जवळ सोडलंत तर मुरमातून परत बोअरमध्येच येतं.

वाइंडिंगवाला:
3 एचपी मोटर कॉक आवळून 800 लिटरवर तासन्‌तास चालवू नका. तिच्या अंगावरून पाणी वाहतं म्हणून ती थंड राहते. पाइपाला टी (तीन तोंडांचा जोड) लावून जादा पाणी बोअरमध्येच परत सोडा आणि बाहेर पडणारं तेवढं मोजा.

खडकपाणी:
बरोबर. टी लावलीत तर मापकाची पीव्हीसी नळी हवीच, नाहीतर मापक पडणाऱ्या पाण्यालाच वाजत बसेल.

एखाद्या टप्प्यावर पातळी थांबायचं नाव घेईना, तर तो दर जास्त. 190 चा झरा उघडा पडला की पातळी धाडकन जाते; मोटर चालू असताना पाणी 170 फुटांच्या खाली जाऊ देऊ नका. जो दर टिकेल, त्यावर सलग तीन दिवस आठ-आठ तास चालवा.

बंद केल्यावर चढ मोजा. मिनिटाला 2 फूट चढली तर झरा तेव्हा ताशी सुमारे 780 लिटर देतोय. मोटरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाइपातलं पाणी मागे न येऊ देणारा) गळका असेल तर पाइपातलं पाणी उतरून हा आकडा फुगतो.

तिन्ही सकाळी पातळी 60 लाच आली तर दर ठीक; त्याच्या आठपट हे दिवसाचं पाणी. 60, 66, 73 अशी उतरत गेली तर कमी करा. ऑक्टोबरचा आकडा धरू नका. डाळिंबासाठी एप्रिल-मेमधलाच कामाचा.